चौकट आहे, दार नाही : घर हा पुरावा कसा वाचायचा?

संशोधनाची तयारी करणारे विद्यार्थी मला एक प्रश्न हमखास विचारतात : "ज्या विषयावर जुनी कागदपत्रंच मिळत नाहीत, त्याचा इतिहास लिहायचा कसा?" आज या प्रश्नाचं उत्तर आपण एका गावाच्या घरांमधून शोधू. गाव तुमच्या ओळखीचं आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यातलं शनिशिंगणापूर. इथल्या घरांना चौकट असते, पण दार नसतं, हे तुम्ही शाळेत असल्यापासून ऐकलेलं असणार. कारणही ऐकलेलं असणार : गावाचं रक्षण शनिदेव करतात, म्हणून दार-कुलूप लागत नाही.

भाविकाला एवढं पुरतं, आणि त्यात गैर काहीच नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र पुढे विचारावं लागतं. ही पद्धत केव्हा सुरू झाली? आधी दारं होती आणि नंतर काढली, की घरं बांधतानाच दाराविना बांधली? आणि हे ठरवायचं कशावरून?

त्यासाठी आधी थोडं लांब, इंग्लंडला जाऊ. तिथल्या विटांच्या घरांचा अभ्यास करणाऱ्यांपुढे असाच प्रश्न उभा होता, आणि त्यांनी तो ज्या रीतीने सोडवला ती रीत आपल्या कामाची आहे.

बुजवलेली खिडकी

लंडनमधलं विटांचं एक घर मराठी माणसाला चांगलं माहीत आहे. १०, किंग हेन्रीज रोड. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहिले, आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं. घरावर निळी पाटी आहे. तिथे कोण राहिलं ते ती सांगते. पण घर कधीचं, कोणी कोणत्या परवडीत बांधलं, हे तुम्हाला विटांना विचारावं लागतं. व्हिक्टोरियन काळातली अशी विटांची घरं लंडनमध्ये रांगेने उभी आहेत. त्याच्या आधीच्या शतकातली घरं पाहिली तर तिथे एक गंमत दिसते : काही घरांच्या भिंतीत खिडकीचा आकार आहे, कमान आहे, खालची पट्टी आहे, पण मधे काच नाही. विटा भरून खिडकी बुजवलेली.

का बुजवली? तिथला कुठलाही गाइड सांगेल : "खिडकीवर कर होता ना, म्हणून." कर होता, ही गोष्ट खरी. इंग्लंडमध्ये १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांच्या संख्येवर कर होता. त्याच्या आधी, १६६२ ते १६८९ या काळात, घरातल्या शेकोट्या मोजून कर घेत. आणि १७८४ मध्ये खुद्द विटांवरच कर बसला : हजार विटांमागे अडीच शिलिंग. अमेरिकेतल्या युद्धाचा खर्च भरून काढायचा होता.

विटांवरच्या कराचं पुढे काय झालं ते बघा. कर विटांच्या संख्येवर होता, आकारावर नव्हता. मग काही भट्टीवाल्यांनी विटाच मोठ्या केल्या. मीशम या गावच्या जोसेफ विल्क्सने तर जवळजवळ दुप्पट आकाराच्या विटा पाडल्या. सरकार काय गप्प बसतंय? १८०३ मध्ये नियम आला : १५० घन इंचांपेक्षा मोठ्या विटेला दुप्पट कर. १८५० मध्ये हा कर रद्द झाला. त्यामुळे एखाद्या घरात अशी भलीमोठी वीट दिसली, तर अभ्यासक लगेच १७८४ ते १८०३ हा काळ मनात धरतो आणि मग बाकीचे पुरावे तपासतो. कागद नसला तरी वीट तारखेच्या जवळ नेते.

आता मुद्द्याचं. बुजवलेली प्रत्येक खिडकी करामुळेच बुजवली का? नाही. त्या काळच्या घरांचा दर्शनी भाग डावी-उजवीकडे सारखा हवा असे. जिथे आत जिना किंवा धुराडं आलं, तिथे बाहेरून फक्त खिडकीचा आकार काढायचे. ती खिडकी कधी उघडी नव्हतीच. मग दोन्हींत फरक कसा करायचा? भिंतीजवळ जाऊन. भरलेल्या विटा आणि बाजूच्या भिंतीच्या विटा एकाच मापाच्या, एकाच चुन्यातल्या आहेत का? विटांचे थर, म्हणजे आपले गवंडी ज्याला रद्दा म्हणतात ते, बाजूच्या भिंतीत गुंफलेले आहेत की कडेला सरळ उभा सांधा आहे? सरळ सांधा आणि वेगळी वीट असेल तर खिडकी नंतर बुजवली. थर गुंफलेले असतील तर ती मुळातच आंधळी बांधली.

आणखी एक उदाहरण. इंग्लंडच्या दक्षिण भागात, लुइस आणि ब्रायटनसारख्या गावांत, विटेसारखी दिसणारी खास कौलं लाकडी भिंतीवर लावलेली आढळतात. लांबून बघितलं तर वीटच वाटते. बरीच वर्षं सांगितलं जायचं की विटांचा कर चुकवायला लोकांनी ही युक्ती काढली. पण १७८४ च्या कायद्यात कौलांवरही कर होता, आणि अशी कौलं त्याआधीही वापरात होती. म्हणजे गोष्ट ऐकायला छान होती, पण तारखांशी जुळत नव्हती.

यातून एक सूत्र वहीत लिहून ठेवा : घराबद्दल सांगितलेली गोष्ट ही एक साक्ष, आणि घराची भिंत ही दुसरी साक्ष. दोघींची वेगवेगळी जबानी घ्यायची आणि मग ताडून पाहायची. गोष्ट तारखेशी जुळली नाही म्हणून ती फेकून द्यायची नसते. लोकांना ती का पटली, हा वेगळा प्रश्न होतो, आणि तोही इतिहासाचाच.

आता शिंगणापूर

इथे आधी गोष्टीची साक्ष ऐकू. पुरात वाहून आलेली काळी शिळा, तिला काठी लागताच वाहिलेलं रक्त, स्वप्नात झालेला दृष्टान्त, आणि "मला छप्पर नको" हे देवाचं सांगणं. म्हणून आजही शनीची शिळा उघड्या चौथऱ्यावर आहे. तिच्यावर छत नाही. वास्तूच्या अंगाने बघितलं तर गावाची सगळी रचना या एका कल्पनेवर उभी आहे : देवाला छप्पर नाही, गावाला दार नाही. परंपरा तीन-चारशे वर्षांची असल्याचं सांगतात.

आता तीनशे-चारशे वर्षांपूर्वीचा नगर प्रदेश डोळ्यांसमोर आणा. १६३६ मध्ये निजामशाही संपली. मग मुघल, मराठे, निजाम यांच्या फौजा याच वाटेने आल्या-गेल्या. १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला. होळकरांच्या फौजांची धामधूम आणि त्यापाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ यांनी हा मुलूख उजाड केला. पेंढाऱ्यांची भीती १८१८ पर्यंत होती. या काळात दख्खनमधली घरं बंदोबस्ताने बांधली जात होती. गावाला गावकूस आणि वेस, पाटलाला गढी, वाड्याला जाड फळ्यांचा दरवाजा, त्यात वाकून जायची दिंडी, आतून अडसर. पुण्यात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळे तुम्ही पाहिले असतील.

अशा मुलखात एक गाव दाराविना राहत असेल, तर ही फार मोठी ऐतिहासिक घटना आहे. आणि ही रीत पुढे, शांततेच्या काळात रुजली असेल, तर तीही तितकीच मोठी घटना आहे, कारण मग एका गावाने आपण होऊन, आजच्या इतक्या जवळच्या काळात, असा निर्णय घेतला. दोन्हीपैकी कोणतंही उत्तर आलं तरी शोध वाया जात नाही. संशोधनाचा प्रश्न निवडताना ही कसोटी लावत जा.

चौकटीला विचारायचे पाच प्रश्न

या भागातलं जुनं घर म्हणजे माळवदाचं, धाब्याचं घर. दगडाचं जोतं, माती-दगडाच्या किंवा कच्च्या विटांच्या जाड भिंती, लाकडी खांब, त्यावर तुळया, आणि वर मातीचं सपाट छप्पर. घर किती मोठं हे खणांवर मोजायचं. भाजकी वीट दिसली की "हे इंग्रजांच्या नंतरचं" असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. याच तालुक्यात, नेवाशाला, ह. धी. सांकळिया आणि डेक्कन कॉलेजच्या चमूने १९५४ ते १९५६ मध्ये उत्खनन केलं, आणि तिथे सातवाहनकाळातल्या वस्तीचे अवशेष मिळाले. त्या काळची वीट आजच्या विटेपेक्षा बरीच मोठी असायची. वीट इथे फार जुनी आहे. माप, चुना आणि रचना पाहूनच काळ ठरवावा लागतो.

आता चौकटीकडे या. तिथे पाच गोष्टी बघायच्या.

पहिली, उंबरा. जुन्या घरांतली अनेक दारं बिजागऱ्यांवर फिरत नसत. फळीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला लाकडाचा खुंट ठेवलेला असे, आणि तो उंबऱ्यातल्या व वरच्या पट्टीतल्या खळग्यात फिरे. उंबऱ्याच्या कोपऱ्यात असा गोल, झिजलेला खळगा सापडला, तर तिथे कधीतरी दार फिरलेलं आहे. खळगा झिजलेला आहे का, हेही नीट बघा. नुसता कोरलेला आणि न झिजलेला खळगा वेगळंच सांगतो.

दुसरी, अडसराची भोकं. जाड भिंतीत चौकटीच्या मागे दोन्ही बाजूंना समोरासमोर भोक असेल, एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ, तर ती आडव्या लाकडाची जागा. भिंत बांधतानाच ती ठेवावी लागते. म्हणजे बांधणाऱ्याच्या मनात दार होतं.

तिसरी, कडी-कोयंड्याच्या खुणा. लाकडात खिळ्यांची जुनी छिद्रं, लोखंडाचा काळा डाग, गणेशपट्टीच्या खाली साखळी अडकवायची जागा.

चौथी, चौकटीची खाच. दाराची फळी बसावी म्हणून चौकटीला आतून खाच काढतात. इथे जपून. हल्ली चौकट दुकानातून तयार आणतात, आणि दुकानातली चौकट दारासाठीच बनवलेली असते, तिला खाच असणारच. त्यामुळे नव्या घरात खाच दिसली म्हणून काहीच सिद्ध होत नाही. पण सुताराने हाताने केलेल्या जुन्या चौकटीला खाचच नसेल, तर तो पुरावा भक्कम आहे : सुताराला आधीच सांगितलेलं होतं की दार बसवायचं नाही.

पाचवी, चौकट आणि भिंत यांचं वय. जुनं घर पाडताना चांगलं सागवान कोणी टाकून देत नाही. चौकट नव्या भिंतीत जाते. दुसऱ्या गावाहून विकतही आणली जाते. म्हणून चौकटीवरच्या खुणा या त्याच घराच्या खुणा आहेत असं धरून चालू नका. भिंतीशी तिचा सांधा बघा, अगदी त्या इंग्लंडमधल्या खिडकीसारखा.

एका घरावरून काही ठरत नाही. पंधरा-वीस घरांच्या नोंदी एकाच तक्त्यात भरल्या, त्यांना बांधणीच्या प्रकाराने क्रम लावला, की मग चित्र दिसायला लागतं.

कागदांकडे जाताना

पहिला धोका नावाचा. जुन्या कागदात "शिंगणापूर" दिसलं की उड्या मारू नका. सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात शिखर शिंगणापूर आहे, शंभू महादेवाचं, आणि भोसले घराण्याशी त्याचा जवळचा संबंध आहे. पुणे पुराभिलेखागारातल्या मोडी कागदात भेटणारं शिंगणापूर हे की ते, हे शेजारच्या गावांच्या नावांवरून आधी ठरवा. सोनई, घोडेगाव, नेवासे अशी नावं आजूबाजूला असतील तर आपलं.

दुसरा धोका मौनाचा. १८८४ मध्ये मुंबई गॅझेटिअरचा अहमदनगर खंड निघाला. त्यात वेगवेगळ्या समाजांची घरं कशी आहेत याची वर्णनं आहेत. असा ग्रंथ एखाद्या गोष्टीबद्दल बोलत नसेल, तर लगेच "म्हणजे ती गोष्ट तेव्हा नव्हती" असं म्हणता येतं का? नियम असा : जो स्रोत अशा गोष्टी एरवी आवर्जून टिपतो, त्याच्याच मौनाला वजन द्यायचं. उलट उदाहरण जनगणनेचं. घरयादीत भिंत, छप्पर आणि जमीन कशाची आहे ते विचारतात. दार आहे का ते विचारत नाहीत. त्यामुळे तिथे दाराचा उल्लेख नाही, यातून काहीच निघत नाही.

तिसरी गोष्ट, कोणता कागद कशासाठी असतो ते माहीत हवं. सातबारा शेतजमिनीचा. गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीची आकारणी, बघावी लागते. इंग्लंडमध्ये खिडक्यांच्या कराच्या याद्यांनी घरांचा इतिहास वाचवला. आपल्याकडे घरपट्टीच्या वह्या ते काम करू शकतात. घर मातीचं होतं ते पक्कं कधी झालं, हे त्यातून कळायला मदत होते.

अलीकडच्या काळाला मात्र तारखा भरपूर आहेत. २०१० मध्ये गावात चोरी झाल्याच्या तक्रारीची बातमी आली. २०११ च्या जानेवारीत युको बँकेने इथे कुलूप नसलेली शाखा उघडली. तिला काचेचं दार आहे, आणि चटकन नजरेत न येणारी विजेवरची कडी. २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणं आलं. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, ८ एप्रिलला गुढीपाडव्याच्या दिवशी, महिलांना चौथऱ्यावर जायची मोकळीक मिळाली. यात एक धडा आहे. रीत बदलते तेव्हा बातमी होते, खटला होतो, तारीख राहते. रीत रुजते तेव्हा बहुधा कोणीच तारीख लिहून ठेवत नाही. म्हणून सुरुवातीचा शोध नेहमी अवघड.

माणसांना काय विचारायचं

"ही परंपरा किती वर्षांची?" असं विचारलंत तर प्रत्येक जण तोच आकडा सांगेल, कारण तो आकडा आता गावाच्या पाटीवरचा आहे. प्रश्न लहान आणि घराशी बांधलेला विचारा. "हे घर तुमच्या वडिलांनी बांधलं की आजोबांनी? सुतार कुठला होता? त्याआधीचं घर कुठे होतं?"

आणि सगळ्यात आधी बायकांशी बोला. विचार करा : या गावातली जवळजवळ प्रत्येक सून दार असलेल्या घरातून आलेली असते. "लग्न होऊन आलात, तेव्हा पहिल्या रात्री काय वाटलं?" या प्रश्नाचं उत्तर पाठ केलेलं नसतं. तिच्या सासूला तिच्या सासूने काय सांगितलं होतं, तेही विचारा. तीन पिढ्यांच्या सुनांच्या आठवणी एकाखाली एक लावल्या की तुम्ही गॅझेटिअरच्या काळापासून फार लांब राहत नाही. तसंच इथून बाहेर दिलेल्या लेकींना विचारा : सासरी दार लावून झोपायची सवय कधी झाली?

आणखी एक प्रश्न नकाशाचा. गावठाणाबाहेर शेतातल्या वस्तीवर ही रीत पाळतात का? ओढ्याच्या पलीकडे? शिवेवरच्या शेवटच्या घरात? जिथे पहिलं दार दिसेल तिथे खूण करा. रीतीची हद्द कळली की ती कोणामुळे पसरली आणि कुठे थांबली, याचा अंदाज येतो.

रोजच्या व्यवहारालाही विसरू नका. रात्री कुत्री-मांजरं आत येऊ नयेत म्हणून लोक चौकटीला फळी टेकवून ठेवतात, आडोशाला पडदा लावतात. ती फळी दार आहे की नाही? गावाच्या दृष्टीने नाही, कारण ती चौकटीला जोडलेली नाही आणि तिला कडी नाही. म्हणजे इथे "दार" या शब्दाची व्याख्याच लोकांनी ठरवलेली आहे. ही व्याख्या प्रबंधात त्यांच्या शब्दांत यायला हवी, तुमच्या नाही.

जपून करायचं काम

घराचा आराखडा काढणं, आतले फोटो घेणं, हे वास्तू-इतिहासाचं नेहमीचं काम. पण दार नसलेल्या घराचा आराखडा छापणं म्हणजे काय, याचा जरा विचार करा. पेटी कुठे, धान्य कुठे, घरात रात्री कोण असतं, हे सगळं तुम्ही कोणालाही वाचता येईल अशा प्रबंधात टाकत आहात. ज्यांनी विश्वासावर घर उघडं ठेवलंय, त्यांच्या विश्वासाचा पुरावा गोळा करताना तोच मोडायचा नाही. म्हणून घरांना क्रमांक द्या, नावं नकोत. आराखड्यात फक्त भिंती, खांब, चौकटी दाखवा. आतल्या वस्तूंची जागा वहीतच राहू द्या. संमती घेताना घरातल्या बाईचीही घ्या, फक्त कर्त्या पुरुषाची नको. उंबऱ्यात खळगा सापडला तर तिथल्या तिथे "बघा, दार होतं!" असं ओरडू नका. तो त्यांचा उंबरा आहे.

आणि घाईही करा. माळवदाची घरं पडताहेत, त्या जागी स्लॅबची घरं येताहेत, आणि जुन्या चौकटी सरपणात किंवा भंगारवाल्याकडे चालल्यात. मातीची भिंत एकदा उकरली की तिची जबानी संपली. पुराभिलेखागारातला कागद पुढच्या वर्षीही सापडेल. अडसराचं भोक नाही सापडणार.

शिंगणापूरला जाणं जमलं नाही तरी सराव सुरू करता येईल. या सुट्टीत आपल्या गावातलं एक जुनं घर निवडा. फक्त त्याच्या मुख्य दाराची नोंद करा : उंबरा, खळगे, कडी, खाच, सांधा. मग त्या घराबद्दल घरचे जी गोष्ट सांगतात ती शेजारच्या रकान्यात लिहा. जिथे दोन्ही रकाने जुळत नाहीत तिथे लाल पेनाने खूण करा. तुमच्या संशोधन आराखड्यातला पहिला प्रश्न तिथूनच निघेल.